पूर्वज सकाळी काय खायचे

झागोर्काबाईंनी ते वाक्य मुद्दाम टाकलं असं कुणीच म्हणणार नाही. त्यांची वाक्यं झाडावरच्या पिकल्या फळांसारखी आपोआप गळतात. खाली नेमकी सूनच उभी असते, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार?

रविवार होता. नाताळच्या आधीचा लांबलचक उपास नुकताच संपला होता आणि नोवी सादमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेवेनानं आपल्या माहेरच्या, म्हणजे बानातच्या पद्धतीनं डुकराच्या चरबीत बटाटे परतले होते, वर खमंग, कुरकुरीत तळलेले चरबीचे तुकडे. टेबलाच्या कडेला, मीठदाणीखाली, तिच्या नवऱ्याच्या रक्ततपासणीचा कागद. रास्तको चौतीस वर्षांचा, पण त्याचं कोलेस्टेरॉल चांगलं निवृत्तीच्या वयाचं निघालं होतं. झागोर्काबाईंनी कागद लांब धरून वाचला, घडी घातली, पुन्हा मीठदाणीखाली सरकवला.

"तुमच्या बानातात सगळं चरबीतच करतात ना गं," त्या म्हणाल्या. "चविष्ट होतं, नाही असं नाही. आमच्या लोकांच्या रक्ताला सवय नाही, एवढंच."

"आमचे लोक!" सासरे ओब्रादराव तिसऱ्यांदा बटाटे वाढून घेत गरजले. "आमचे लोक हर्त्सेगोविनाच्या खडकातले! खडकात उगवतं काय? जव आणि माणसं! माझे आजोबा म्हातारपणी दातांनी अक्रोड फोडायचे. डॉक्टर कसा दिसतो हे त्यांना मरेपर्यंत ठाऊक नव्हतं."

"मेले कशानं?" रास्तकोनं विचारलं.

"आपल्या मर्जीनं," ओब्रादराव म्हणाले.

नेवेना विश्न्याचं तोंड पुसत होती. विश्न्या चौदा महिन्यांची, तिला चार दात आणि ठाम मतं. तोंड पुसणं हा अत्याचार आहे हे त्यांपैकी एक. त्यामुळे नेवेनाला लगेच उत्तर देता आलं नाही, आणि एकदा का उत्तर पोटात राहिलं की त्याचा बेत होतो, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव.

आता इथे एका ठशाबद्दल सांगायला हवं. घराण्याच्या संताचा दिवस, स्लावा, बापाकडून मुलाकडे जातो. ओब्रादरावांनी उन्हाळ्यातच जाहीर केलं होतं की यंदापासून संत योव्हानाची स्लावा रास्तकोच्या घरी. जानेवारीत, म्हणजे दोन आठवड्यांवर ती आली होती. पण स्लावाच्या पावावर उठवायचा लाकडी ठसा सासूकडून सुनेकडे जातो, आणि तो काही गेला नव्हता. कडा झिजून गुळगुळीत झालेला, मुठीत मावेल एवढा ठसा. तो ज्या स्वयंपाकघरात, त्या स्वयंपाकघरात स्लावा. बाकी सगळी जाहिरात. नेवेनानं नाताळात आडून विचारलं तेव्हा झागोर्काबाई म्हणाल्या होत्या, "आणीन की त्या दिवशी पर्समधून." जी वस्तू पर्समधून येते ती पर्समधून परतही जाते, हे नेवेनाला कुणी समजावून सांगायला नको होतं. चार वर्षं ती या घरची सून होती, आणि चार वर्षं ती "आमची नेवेना, बानातची" होती.

"बाबा," विश्न्याला मांडीवर पक्कं धरत ती म्हणाली, "तुम्ही म्हणता ते मला पटलंय. आजपासून आपण तुमच्या पूर्वजांसारखंच खायचं. सगळ्यांनी. आणि स्लावालाही तेच मांडायचं."

ओब्रादरावांचा काटा बटाट्यासकट हवेत थांबला. हल्ली त्यांचं दुपारचं जेवण रोज इथेच असे, कारण नेवेना कामावर गेली की नात त्यांच्याच अंगावर. त्यांनी बायकोकडे पाहिलं. झागोर्काबाईंनी मीठदाणीकडे पाहिलं. स्वतःच्याच आजोबांना नाही कसं म्हणायचं?

"कल्पना वाईट नाही," ओब्रादराव खोल आवाजात म्हणाले, आणि तो बटाटा त्यांनी निरोप दिल्यासारखा तोंडात घातला.

त्याच संध्याकाळी नेवेनानं त्यांची मुलाखत घेतली. खरं तर ओब्रादरावांचा जन्म इथला, सपाटीवरचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारनं डोंगरातल्या लोकांना आगगाडीत भरभरून इकडे सुपीक जमिनीवर आणलं, त्यात त्यांचे वडील तोदोर आले. खडकाळ गाव ओब्रादरावांनी एकदाच पाहिलं होतं, तेही बसमधून उतरून फोटो काढण्यापुरतं. पण बढाई मारणाऱ्या माणसाला माहिती नसणं कधी आड येत नाही.

"जवाची भाकर," ते म्हणाले. "रश्तान."

"म्हणजे तो जाड पानांचा कोबी?"

"कोबी? कोबी मऊ असतो. रश्तानाला अभिमान असतो. मग ताक. मेंढीच्या कातड्यात मुरवलेलं चीज. वाळवलेलं बोकडाचं मांस, पण ते पाहुणा आला तर. किंवा माणूस मेला तर."

"आणि सकाळी काय खायचे?"

"सकाळी?" ओब्रादरावांनी विचार केला. "सकाळी काम करायचे."

अशा रीतीनं न्याहारी बंद झाली. हे वाक्य आपण परत घ्यायला हवं होतं, असं ओब्रादरावांना दुसऱ्याच दिवशी सकाळी वाटायला लागलं. पण वचन गेलं ते गेलं.

जवाचं पीठ मिळवणं म्हणजे जत्रा. साध्या दुकानात ते नव्हतंच. शेवटी ते मिळालं एका अशा दुकानात, जिथे बासरी वाजत असते आणि विकणारी मुलगी कुजबुजत बोलते. पूर्वजांची ती उपासमार तिथे सुंदर पिशवीत, रिबिनीसकट ठेवलेली, आणि किंमत अशी की तेवढ्यात हॅमची अख्खी तंगडी यावी. नेवेनानं ओठ मिटून पैसे मोजले. निर्धार स्वस्तात होत नाही.

शेजारीण इलोना, भिंतीपलीकडे राहणारी, सल्ल्यांच्या बाबतीत हात कधीच आखडता घेत नसे. ती कॉफी प्यायला आली तेव्हा समोर ताक आलं.

"पूर्वजांचं खायचं?" तिनं डोळे विस्फारले. "अगं, माझा एक आजोबा हंगेरियन, त्याची बायको स्लोव्हाक, आईकडचा आजोबा जर्मन आणि त्याची बायको कोण होती ते त्यालाही कळलं नाही. मी वेळापत्रक लावू का? सोमवारी कोण? आणि आमचे मूळ पूर्वज म्हणे घोड्याच्या खोगिराखाली मांस ठेवून मऊ करायचे. मी जाते बसनं. सीटखाली ठेवू?"

"तू हस," नेवेना म्हणाली. "रास्तकोचं वजन उतरतंय."

"माणूस उतरतोय गं, वजन कसलं! काल जिन्यात भेटला. मी म्हटलं, कसा आहेस, तर बिचारा माझ्या पिशवीतल्या पावाला म्हणाला, बरा आहे."

त्यातच नेवेनाच्या वडिलांनी बानातहून खोकं पाठवलं. माहेरी डुक्कर कापलं होतं. सॉसेजची वेटोळी, हॅम, कडकडीत चरबीचे तुकडे, वर एक चिठी: 'नातीला भरव.' खोकं उघडल्याबरोबर फ्लॅटमध्ये असा वास दरवळला की ओब्रादराव आतल्या खोलीतून, कुणी हाक न मारता, टोपी काढून बाहेर आले. नेवेनानं खोकं बंद केलं, तळघरातल्या त्यांच्या गजांच्या कोठडीत नेऊन ठेवलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. विश्न्याला ती चोखायला फार आवडे. दोन दिवसांनी इलोनानं बातमी आणली की ओब्रादराव तळघरात गजांना नाक लावून उभे होते. "मी विचारलं, काका, काय करताय? तर म्हणाले, मीटर बघतोय. अगं, मीटर वरच्या मजल्यावर आहे!"

चीजचं प्रकरण मात्र सरळ राहिलं नाही. खडकातल्या गावाजवळ, जे आता सीमेपलीकडे दुसऱ्या देशात होतं, रास्तकोचा एक लांबचा चुलतभाऊ अजून मेंढ्या राखून होता. त्यानं उत्साहानं अख्खं कातडं भरून चीज बसच्या ड्रायव्हरकडे दिलं. ते सीमेवर अडकलं. रास्तको सुट्टी काढून तिथे गेला, त्याही दिवशी न्याहारीशिवाय.

"यात काय आहे?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"चीज."

"कशात?"

"मेंढीत."

दुधाचे पदार्थ त्या बाईंच्या खिडकीत, कातडी पलीकडच्या साहेबांच्या. पलीकडचे साहेब म्हणाले, कातडं रिकामं असतं तर माझं. भरलेलं आहे तर ते भांडं झालं, भांडी माझ्याकडे नाहीत. बाई म्हणाल्या, भांड्याला पाय नसतात. मग दोघांनी मिळून एक तोडगा काढला: रास्तकोनं चीज कातड्यातून काढावं, म्हणजे दोन्ही वेगवेगळं नेता येईल. चुलतभावाला फोन लावला तर तो म्हणाला, काढलंत तर ते चीज राहणार नाही, नुसतं दूध-दुःख होईल. शेवटी संध्याकाळी खिडक्या बंद व्हायच्या वेळी त्या साहेबांनी नाक दाबून हात हलवला: "घेऊन जा. मी पाहिलं नाही. पण वास आला, एवढं लक्षात ठेवा."

बसमध्ये रास्तकोच्या शेजारी कुणी बसलं नाही.

कातडं बाल्कनीत टांगलं. गोलमटोल, डोकं नाही, चार आखूड पाय चार दिशांना. विश्न्या काचेला नाक लावून त्याला "बे" म्हणे आणि ते उत्तर देत नाही म्हणून रागावे. दुसऱ्याच दिवशी इमारतीच्या दारात सूचना लागली. इमारतीचे व्यवस्थापक निवृत्त कर्नल मोमिर. सूचना हा त्यांचा श्वास होता. 'बाल्कनीत प्राणी टांगण्यास मनाई आहे. (जिवंत अथवा इतर.)' मग ते स्वतःच वर आले.

"मॅडम, बाल्कनीत कोण आहे?"

"चीज आहे, कर्नलसाहेब."

"त्याला पाय आहेत."

"आधी मेंढी होती."

कर्नलनी बराच वेळ त्या वस्तूकडे पाहिलं. लष्करात त्यांनी बरंच पाहिलं असावं, पण हे नव्हतं. "समोरच्या इमारतीतल्या बाईंनी विचारलंय की आमच्याकडे कुणाला काही मानसिक त्रास आहे का."

"आमचे पूर्वज हेच खायचे," नेवेना ताठ मानेनं म्हणाली. 'आमचे' हा शब्द तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. स्वयंपाकघरात झागोर्काबाई भांडी पुसत होत्या. पुसायचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

स्लावाचा दिवस उजाडला. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि जो येतो त्याला खाऊ घालावंच लागतं, आणि त्यानं खावंच लागतं. यजमानानं दिवसभर बसायचं नाही. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेलेला रास्तको सकाळपासून दाराशी उभा होता, हातात राकियाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची बाटली, चेहऱ्यावर एखाद्या संताचाच भाव.

पाव नेवेनानं पहाटे उठून मळला होता. जवाचाच. आता सगळं पूर्वजांचं म्हटल्यावर नेमका सणाचा पाव गव्हाचा, हे तिला ढोंग वाटलं. जव काही फुगला नाही. झागोर्काबाईंनी पर्स उघडली, रुमालातून ठसा काढला आणि पुढे केला. नेवेनानं दोन्ही हातांनी दाबला. उठला नाही. पुन्हा दाबला. त्या करड्या गोळ्यावर जेमतेम एक खळगा पडला, कुणी कोपर टेकवल्यासारखा. सासूबाईंनी ठसा पुसला, रुमालात गुंडाळला, पर्स बंद केली. पर्सच्या त्या टिचकीचा आवाज नेवेना दिवसभर ऐकत राहिली.

मेणबत्ती लागली. प्रार्थना झाली. पाव चौघांनी धरून गोल फिरवला, आणि मग तो मोडायचा. बाप-लेकांनी दोन बाजूंनी धरून ओढला. मोडेना. ओब्रादरावांनी पाय रोवले. मोडेना. रास्तकोच्या ऑफिसातले साहेब मदतीला उठले. शेवटी जो आवाज झाला तो पावाचा की कुणाच्या मनगटाचा, हे लगेच कळलं नाही. एक तुकडा उडून कपाटाखाली गेला.

पाहुण्यांनी मान राखला. एक जण चीज चाखून डोळे मिटून म्हणाला, "प्रामाणिक आहे." साहेबांच्या बायकोनं रश्तान इतका वेळ चावला की तेवढ्यात दोन पाहुणे येऊन गेले. मग एकेकाला घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवायला लागलं. एका दुपारी एवढ्या लोकांनी गॅसवर दूध ठेवलंय हे त्या शहरात पहिल्यांदाच घडलं असेल. नेवेना वाढत राहिली. हसू गालांवर टाचून ठेवल्यासारखं, आणि पाठ ताठ.

आणि त्यातच आल्या गोस्पावाआत्या. ओब्रादरावांची आत्या, तोदोरची धाकटी बहीण. त्या आगगाडीतून लहानपणी आलेल्यांपैकी आता त्या एकट्याच उरलेल्या. काळा रुमाल, काळा कोट, हातात कॉफी, साखर आणि विश्न्यासाठी चॉकलेट. खेड्यातून बस बदलून आल्या होत्या. सगळा खटाटोप कुणासाठी होता, हे नेवेनाला आता उमगलं. ही एकच व्यक्ती तिची परीक्षा घेऊ शकत होती. तिनं आत्याआजींपुढे ताट मांडलं: जवाची भाकर, रश्तान, ताक, कातड्यातलं चीज.

आत्याआजींनी ताटाकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग उभ्याच असलेल्या, गळलेल्या रास्तकोकडे. चमचा उचललाच नाही. उठल्या आणि नेवेनाच्या मागोमाग स्वयंपाकघरात येऊन दार लोटून घेतलं.

"कधीपासून गं, बाळा?"

"नाताळ झाल्यापासून, आत्याआजी."

"आणि पोरगी? तिलाही हेच?"

"तिला तर फार आवडतं."

म्हातारीनं डोळे मिटले. "नवऱ्याची नोकरी गेली का?"

"नाही हो! आम्ही ठरवून खातो. मुद्दाम. आवडीनं."

गोस्पावाआत्यांनी तिचा गाल हातात धरला. हात खरखरीत होता आणि कॉफीचा वास येत होता. "आम्हीही तसंच सांगायचो," त्या म्हणाल्या. "कुणी आलं की आई म्हणायची, आम्हाला असंच आवडतं."

त्या कोट घालून निघाल्या. गॅसवर दूध आहे असंसुद्धा सांगितलं नाही.

रात्री निजताना नेवेना रास्तकोला म्हणाली, "आत्याआजींना वाटतंय आपलं दिवाळं निघालंय."

"छे," रास्तको म्हणाला, आणि झोपेतच तोंड हलवायला लागला. स्वप्नात कुणीतरी त्याला काहीतरी वाढत होतं.

स्लावाचा दुसरा दिवसही पाहुण्यांचाच. सकाळी नेवेना कचरा टाकायला खाली उतरली तर इमारतीच्या दाराशी एक खोकं, वर कर्नलच्या सुवाच्य अक्षरात: 'दुसऱ्या मजल्यावरील अडचणीतील कुटुंबासाठी. नाव लिहू नये, त्यांच्या सन्मानाचा विचार करावा.' खोक्यात मॅकरोनी, तेल, माशांचे डबे. इलोनाचा लाल स्वेटरसुद्धा, ज्यातली इलोना सगळ्या इमारतीला ओळखीची.

ती तडक कर्नलच्या दारात.

"आम्ही गरीब नाही, कर्नलसाहेब!"

"अर्थातच नाही," कर्नल हळुवारपणे म्हणाले. त्यांचा आवाज एवढा मऊ तिनं कधी ऐकला नव्हता. "काल एक वृद्ध बाई जिन्यात बसून रडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीही काही विचारलं नाही. मॅडम, ती मेंढी... राहू द्या तुम्ही बाल्कनीत. सूचना काढली मी."

ती इलोनाकडे गेली. इलोनानं तिला मिठीच मारली. "अगं, आधी बोलायचंस! मी खोगीर, वेळापत्रक, काय काय बडबडले!" जितकं समजवावं तितकं लोकांचे डोळे पाणावत होते. ओब्रादरावांनी एव्हाना ते खोकं वर फ्लॅटमध्ये आणून माशाचा एक डबा फोडलेला. "अपमान आहे हा," ते पावानं डबा पुसून घेत म्हणत होते, "घोर अपमान."

आणि मग खाली हॉर्न वाजला. व्हॅन होती. गोस्पावाआत्या पुढे बसलेल्या, मागे खेड्यातलं निम्मं भावकीचं गणगोत. पिठाची पोती, हंसाची चरबी, अंडी, लोणच्याच्या बरण्या, लहान मुलांचे बूट, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, एक जिवंत कोंबडा. सगळे गुपचूप, पावलं न वाजवता जिना चढले, दुखवट्याला आल्यासारखे. झागोर्काबाई दारात उभ्या, पांढऱ्याफटक. सगळ्या भावकीसमोर मुलाच्या घरी पीठ उतरत होतं. त्यांच्या पर्सचे बंद त्यांनी दोन्ही हातांत आवळून धरले होते.

हॉर्न ऐकून इलोना आणि कर्नलही मागोमाग आले होते. नेवेनानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग गळ्यातली किल्ली काढली. विश्न्याला ते आवडलं नाही, तिनं किंचाळून निषेध नोंदवला. "रास्तको, चल माझ्याबरोबर. इलोना, तूही. कर्नलसाहेब, तुम्हीसुद्धा, मोठं खोकं आहे."

तळघरातून ते खोकं वर आलं. सॉसेज तव्यावर चढली. हॅम कापला गेला, गुलाबी, पातळ, पानापानांचा. व्हॅनमधलीच पोती उघडून तिनं पांढऱ्या पिठाचे पाव ओव्हनमध्ये सरकवले. अर्ध्या तासात फ्लॅटमध्ये माणसाला माणूस दिसेना इतका धूर आणि वास झाला. ओब्रादराव पहिला घास तोंडात ठेवून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते म्हणत होते की कांदा आहे. कांदा कुठेच नव्हता.

"मग काल काय झालं होतं?" गोस्पावाआत्यांनी भर टेबलावर विचारलं. "घरात एवढं सगळं आणि माझ्या ताटात जव? आमचे लोक हे आवडीनं खायचे असं तुला कुणी सांगितलं, पोरी?"

ओब्रादरावांचे कान आधी लाल झाले, मग मान. झागोर्काबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. चार वर्षांत पहिल्यांदा त्या नजरेत विनंतीसारखं काहीतरी होतं.

नेवेनाच्या जिभेच्या टोकावर सगळं तयार होतं. अक्रोड, खडक, 'सकाळी काम करायचे'. दोन आठवडे पोटात राहिलेलं उत्तर.

"मीच कुठेतरी वाचलं, आत्याआजी," ती म्हणाली. "एका मासिकात. चूक माझीच."

"वाचलंस?" म्हातारीनं ओब्रादरावांकडे शांतपणे पाहिलं. "आमच्याबद्दल कुणी लिहायला लागलंय म्हणायचं." तिनं पाव मोडला. "तोदोर, तुझा बाप रे ओब्राद. आगगाडी पहिल्यांदा सपाटीवर थांबली तेव्हा फलाटावर बायकांनी आम्हाला पांढरे पाव दिले. मला वाटलं केक आहे. मी तिथेच खाल्ला. त्यानं शर्टात लपवला. मागे राहिलेल्या आजीला पाठवायचा म्हणून. कुणाबरोबर पाठवणार? आठवडाभर ठेवला, दगड झाला, मग रडत रडत पाण्यात भिजवून खाल्ला. त्यानंतर मरेपर्यंत जवाला हात लावला नाही त्यानं. आणि पूर्वजांचं म्हणशील तर तेही काही जवासाठी झुरत नव्हते. ते हे," तिनं हातातला पाव उचलला, "ह्याचं स्वप्न बघायचे."

तेवढ्यात कपाटाखालून करकर आवाज आला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. विश्न्या कालचा उडालेला जवाचा तुकडा शोधून, पालथी पडून, चार दातांनी मोठ्या निष्ठेनं कुरतडत होती. नेवेना तो काढून घ्यायला धावली, तर विश्न्यानं तुकडा पोटाखाली लपवला.

"राहू दे," गोस्पावाआत्या हसायला लागल्या. हसता हसता रुमाल डोळ्यांना लावला. "राहू दे गं तिला. आवडीनं जव खाणारी आमच्या घराण्यातली ही पहिलीच."

संध्याकाळी भावकी गेली. कोंबडा कर्नलकडे गेला. पहाटे उठण्याच्या शिस्तीबाबत दोघांचं एकमत होतं. ओब्रादराव उरलेलं सॉसेज कागदात गुंडाळून जिना उतरले. झागोर्काबाई सगळ्यांत शेवटी निघाल्या. कोट घातला, पर्स उचलली, नातीचा मुका घेतला. सुनेला म्हणाल्या, "बरं, येते."

दार लावून नेवेना स्वयंपाकघरात आली तर ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी, रुमाल. त्यात ठसा.

ती तशीच विश्न्याला कडेवर घेऊन जिन्यात धावली. "आई! आई, थांबा! ठसा राहिला तुमचा!"

झागोर्काबाई खालच्या वळणावर होत्या. थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"राहिला नाही," त्या म्हणाल्या. मग दोन पायऱ्या उतरल्यावर, कठड्याला धरून, "आणि पुढच्या वर्षी गहू घे."